भास्कराचार्यांची एक मोठी संख्या

१,७६,६३,१९,०४९ ही संख्या प्रथमदर्शनी कोणासही निरर्थक वाटेल. पंचांगात ती येत नाही, व्यवहारातही तिचे काम पडत नाही. तथापि भारतीय गणिताच्या इतिहासात तिचे स्थान मोठ्या मानाचे आहे.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये (शके १०७२) सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील बीजगणितात असा प्रश्न आहे : कोणत्या वर्गाची ६१ पट करून तीत १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो? ६१ च्या शेजारच्या संख्यांना उत्तर चटकन सापडते. ६० साठी ४ व ३१, ६२ साठी ८ व ६३. मात्र ६१ साठी सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आणि वरील संख्या हेच आहे! पहिलीस ‘कनिष्ठ’ व दुसरीस ‘ज्येष्ठ’ मूळ म्हणतात.

एवढे उत्तर चाचपडून हाती लागणारे नव्हे. ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये दोन उत्तरांतून तिसरे काढण्याची ‘भावना’ सांगितली होती. जयदेवांची चक्रवाल रीत इ. स. १०७३ च्या एका टीकेत उद्धृत आहे. भास्कराचार्यांनी त्याच मार्गाने ८ पासून आरंभ केला. आठाच्या वर्गातून ६१ वजा केले की ३ उरतात. पुढच्या फेरीत ३९ व ५ मिळतात : १५२१ उणे १५२५, म्हणजे ऋण ४. येथून भावनेने थोड्याच पायऱ्यांत ज्येष्ठ मूळ गाठता येते.

या संख्येची घडणही नामी आहे. तिच्यातून एक वजा केल्यास २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट येते, एक मिळवल्यास ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. ज्येष्ठास कनिष्ठाने भागले असता ६१ चे वर्गमूळ इतके सूक्ष्म मिळते की, एकाचे परार्ध भाग केले तरी चूक त्यांतील एका भागाहून कमी राहते.

इ. स. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फेर्माने हाच ६१ चा प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. पुढे ऑयलरच्या गैरसमजामुळे या समीकरणास पेल या इंग्रज गणितज्ञाचे नाव पडले. आपल्या परंपरेतील ‘वर्गप्रकृती’ हे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसते. नावाचा हा अन्याय दूर व्हावा, हे खरेच. परंतु आपले कर्तव्य तेवढ्याने संपत नाही.

खानदेशात चाळीसगावनजीक पाटण येथील भवानीमंदिरातील इ. स. १२०७ चा शिलालेख या दृष्टीने मननीय आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास दान दिले, असे तो सांगतो. दानाचा काही मजकूर तर चक्क मराठीत आहे. ग्रंथ रचला म्हणजे विद्या टिकतेच असे नाही. शिकविणाऱ्याच्या व शिकणाऱ्याच्या योगक्षेमाची सोय कोणीतरी करावी लागते. देवळाच्या सभामंडपात एखादा गणिताचा वर्ग चालविणे हे त्या जुन्या दानाचेच पुढचे पाऊल ठरेल.