बुलढाण्याच्या ताराबाईंचं नऊ आण्यांचं पुस्तक

मागच्या बैठकीत आपल्या गटातली एक ताई म्हणाली, "पोथीतलं काही विचारलं की देवाधर्माचं नाव घेऊन गप्प बसवतात." तेव्हापासून आपल्याच विदर्भातल्या ताराबाई शिंदे डोक्यात आहेत.

१८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला दिवस गेले. लोकलाजेपायी तिनं जन्मलेलं मूल मारलं. कोर्टानं फाशी सुनावली. पुढे अपिलात ती टळली. पण तेवढं निमित्त धरून पुण्याच्या एका सनातनी वर्तमानपत्रानं साऱ्या बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. त्या लेकराचा बाप कोण, हे विचारायचं राहूनच गेलं.

बुलढाण्यात घरी बसून ताराबाईंनी हे वाचलं आणि उत्तर लिहिलं. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक समाजाचे. लेकीला त्यांनी शिकवलं होतं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

पुस्तकाची भाषा तिखट आहे. बायको मेली की पुरुष दुसरी आणतो, मग नवरा मेल्यावर बाईनंच का कोपऱ्यात बसायचं? हा कुठला शास्त्रार्थ? एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पुराणातल्या देवांच्या, ऋषींच्या गोष्टी काढून त्यांनाही जाब विचारला. मी रोज देवापुढे दिवा लावणारी बाई, मलाही काही पानं बोचली. पण मुद्दा खोडता येईना.

लोकांनी काय केलं? लेखनातून धर्मभावना दुखावल्याचं जे २९५-क कलम आपण ऐकत आलो, ते इंग्रजांनी १९२७ साली आणलं. ताराबाईंच्या वेळी ते नव्हतंच. बंदीची गरजही पडली नाही. टिंगल आणि निंदा पुरली. जोतिराव फुले तेवढे उघडपणे पाठीशी उभे राहिले. १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, आणि ख्रिस्ती झाल्या म्हणून शिव्या खाणाऱ्या पंडिता रमाबाईंचीही.

ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. हे एकुलतं एक पुस्तकही लोक विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तब्बल ९३ वर्षांनी.

पुढच्या बैठकीला मी ते घेऊन येते. दोन पानं मोठ्यानं वाचू. ज्यांना राग येईल त्यांनी तिथंच बोलायचं.