मधल्या थाळीचा इतिहास

चिनी जेवण म्हटले की गोल टेबल, मध्यभागी मांडलेल्या थाळ्या आणि चहूबाजूंनी त्यांत शिरणाऱ्या चॉपस्टिक्स असे चित्र उभे राहते. ही रीत त्या संस्कृतीइतकीच जुनी असावी असा समज चीनमध्येही आढळतो. इतिहास मात्र काही वेगळे सांगतो.

हान राजवटीत (इ. स. पू. 206 ते इ. स. 220) लोक चटईवर बसत आणि प्रत्येकापुढे त्याचे स्वतंत्र अन्न छोट्या, बुटक्या चौरंगासारख्या ताटावर मांडले जाई. त्या काळच्या ल्यांग होंग या विद्वानाची पत्नी मंग ग्वांग हे ताट भुवयांपर्यंत उचलून पतीपुढे आदराने धरी, अशी कथा आहे. पतिपत्नींच्या परस्पर आदराचा वाक्प्रचार म्हणून ती आजही चिनी भाषेत टिकून आहे. आठ जणांचे गोल टेबल भुवयांपर्यंत उचलणारी पत्नी कोणत्याही कथेत सापडायची नाही!

बदल घडवला तो बैठकीने. घडीची बैठक वायव्येकडून आली, पुढे खुर्ची आली, आणि सोंग काळापर्यंत उंच टेबल सर्वसामान्य झाले. तरीही बैठक आणि वाढप एकदम बदलले नाहीत. दहाव्या शतकातील अधिकारी हान शीझाय याच्या रात्रीच्या मेजवानीचे प्रसिद्ध चित्र पाहावे. (आज उपलब्ध असलेली प्रत सोंगकालीन मानतात.) त्यात पाहुणे खुर्च्यांवर आहेत, टेबलेही उंच आहेत, पण खाद्यपदार्थांचे छोटे संच वेगवेगळे मांडलेले दिसतात. एका थाळीतून सर्वांनी खाणे रूढ झाले ते यानंतर, हळूहळू.

या सामायिक थाळीभोवती आतिथ्याचे एक नाजूक व्याकरण तयार झाले. ज्येष्ठाने चॉपस्टिक्स उचलल्याशिवाय इतरांनी सुरुवात करायची नाही. यजमानाने उत्तम तुकडा निवडून पाहुण्याच्या वाटीत ठेवायचा. पाहुण्याने नको नको म्हणायचे आणि मग घ्यायचे. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांची आठवण होते. उष्ट्याचा विचार रक्तात भिनलेल्या मराठी वाचकाला यजमानाच्या तोंडची चॉपस्टिक आपल्या वाटीत आलेली पाहून दचकायला होईल. तिथे मात्र तीच जवळीक. म्हणूनच पेनांगमध्ये जन्मलेले आणि केंब्रिजला शिकलेले डॉक्टर वू ल्येन-तेह यांची अडचण आम्ही समजू शकतो. 1910-11 च्या मांचुरियातील फुप्फुसी प्लेगशी ते लढले; त्यात सुमारे 60 हजार माणसे मेली. पुढे त्यांनी टेबलावर फिरता तबक आणि वाढण्यासाठी वेगळी साधने सुचवली. फिरते तबक हॉटेलांत रुळले. वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिक्सचा आग्रह मात्र 2003 च्या सार्स साथीत आणि पुन्हा 2020 मध्ये नव्याने धरावा लागला. आपल्याच माणसांत असे अंतर ठेवणे अनेकांना परकेपणाचे वाटते.

सामायिक जेवणाची खरी कसोटी मात्र वेगळीच होती. 1958 साली लोककम्यूनांबरोबर खेडोपाडी सार्वजनिक भोजनगृहे निघाली. घरची धान्ये तिथे जमा झाली, अनेक ठिकाणी घरात चूल पेटवण्यास मनाई झाली, आणि कित्येक कढया घरगुती भट्ट्यांत पोलादासाठी वितळवल्या गेल्या. प्रथम पोटभर खा असे सांगण्यात आले. काही महिन्यांतच पातळ पेज उरली. डाव ज्याच्या हाती त्याच्याच हाती जीव आला. काम कमी पडले म्हणून वा वरिष्ठांची मर्जी गेली म्हणून अन्न तोडल्याच्या नोंदी आहेत. पत्रकार यांग जिशेंग यांनी 2008 साली हाँगकाँगमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दुष्काळबळींचा आकडा 3 कोटी 60 लाख मांडला आहे आणि मृत्यू इतके होण्याचे एक मोठे कारण म्हणून या भोजनगृहांकडे बोट दाखवले आहे. त्यांचे स्वतःचे वडील 1959 मध्ये भुकेने गेले. इतर अभ्यासकांचे अंदाज याहून कमी-जास्त आहेत.

शेकडो माणसे एकत्र जेवत होती, पण त्यांत यजमान कोणीच नव्हता. ज्याच्या घरी चूल नाही, तो पाहुण्याच्या वाटीत उत्तम तुकडा ठेवणार कुठून? 1961 मध्ये भोजनगृहे बंद झाली तेव्हा लोकांनी प्रथम परत मागितली ती स्वतःची चूल. 'जेवलात का?' हे चिनी अभिवादन त्या दुष्काळापेक्षा जुने आहे. पण त्या तीन वर्षांत तो प्रश्न विचारणे सोपे राहिले नसणार, असे आम्हांस वाटते.