पाच वाजले म्हणजे किती वाजले?

बँकेतल्या कारकुनाचा देवावर नसेल एवढा विश्वास घड्याळावर असतो. सूर्य कुठवर आलाय हे पाहून काउंटर बंद केल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. पण नकाशावर पश्चिमेच्या टोकाची द्वारका आणि आसामातलं तिनसुकिया ही दोन गावं पाहिली, की या विश्वासाला जरा तडा जातो.

द्वारका ६९ रेखांशावर, तिनसुकिया ९५ च्या थोडं पुढे. एका रेखांशाला चार मिनिटं, हा शाळेतला हिशेब मांडला तर दोन्ही गावांच्या सूर्यांत सुमारे पावणेदोन तासांचं अंतर पडतं. घड्याळं मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवणार; कारण दोघांनाही मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचा हुकूम!

आता डिसेंबरातले संध्याकाळचे पाच घ्या. द्वारकेत गोमतीच्या घाटावर अजून ऊन आहे. दुपारची झोप आटोपून मंडळी चहाच्या तयारीत आहेत. तिनसुकियात त्याच पाचाला सूर्य मावळून अर्धा तास उलटलेला, दुकानांतून दिवे लागलेले. जूनमध्ये तिकडचा सूर्य पहाटे सव्वाचारलाच कामावर हजर होतो आणि कचेरीचं दार उघडेपर्यंत पाच-सहा तास बाहेर ताटकळत बसतो. त्याला ओव्हरटाइम कोण देणार?

चहाच्या मळेवाल्यांना हे ताटकळणं परवडणारं नव्हतं. पानं खुडायला उजेड लागतो. त्यांनी इंग्रजी अमदानीतच मळ्यांतली घड्याळं तासभर पुढे नेली. त्याला म्हणतात ‘बागान टाइम’. गावात आठ वाजले की मळ्यात नऊ. उजेड वाया जाऊ नये ही कळकळ अर्थात मालकाची. पण मजूरही दिवसाउजेडी घरी पोहोचतो, हेही खरं. म्हणजे तिथं ‘नऊ वाजता भेटू’ म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, ‘कुठले नऊ?’

आपण मुंबईकरांनी याला हसू नये. १ जानेवारी १९०६ ला सरकारनं देशाला एक प्रमाणवेळ दिली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. बंगालच्या फाळणीचा संताप ताजा. त्यात सरकार आता घड्याळालाही हात घालणार! मुंबई अडून बसली. पालिकेनं मुंबई टाइम सोडला नाही. एकाच शहरात गाडी एका वेळेनं सुटायची आणि प्रवासी दुसऱ्या वेळेनं घरून निघायचा. कलकत्त्यानं आपली वेळ १९४८ साली सोडली. आपण १९५५ पर्यंत ताणलं. इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली, तरी ३९ मिनिटं काही जाईनात!

मग ज्यांचा प्रश्न तासाभराचा आहे, त्यांनी कुरकूर केली तर काय बिघडलं? आसामची मागणी जुनीच आहे. २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं स्वतंत्र वेळेची याचिका फेटाळली. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी पूर्वेला एक तास पुढची वेळ द्यावी, असं आकडेमोड करून मांडलं. आसाम आणि पश्चिम बंगालच्या चिंचोळ्या सीमेवर, जिथून मोजकेच रूळ जातात, तिथं वेळेची सीमा ठेवावी म्हणजे आगगाड्यांचा घोटाळा होणार नाही, इतका बारीक विचार त्यात होता. तरी घड्याळ आहे तिथंच आहे. एक देश, एक वेळ, ही भावना मोठी आहे. तिची मी चेष्टा करणार नाही. पण तिचं बिल दरमहा एकाच बाजूला जातं, एवढं कॉमर्सच्या पदवीधराला कळतं.

डिसेंबरात तिनसुकियातला माझा जातभाई रोकड जुळवून बाहेर पडतो तेव्हा रात्र झालेली असते. पोरांबरोबर मैदानात जायचं तर कंदील हवा. त्याच्या खात्यात एक तास उजेड जमा करून टाकावा. द्वारकेच्या खात्यातून तो वजा होणार नाही, याची हमी मी सही-शिक्क्यानिशी द्यायला तयार आहे.