नवगावची ज्यू दफनभूमी: जुन्या कबरींची नोंद नेमकी कशी करतात?

अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीमच्या पट्ट्यात, समुद्राजवळ नवगाव नावाचं गाव आहे. या गावात ज्यू लोकांची एक जुनी दफनभूमी आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार भारतात आलेले त्यांचे पहिले पूर्वज इथेच किनाऱ्याला लागले आणि जे वाचले नाहीत त्यांना इथेच पुरण्यात आलं. मराठी बोलणाऱ्या या ज्यू समाजातली बहुतेक कुटुंबं १९४८ नंतरच्या काही दशकांत इस्रायलला गेली. कबरी मात्र कोकणातच राहिल्या. नवगावप्रमाणेच रायगड जिल्ह्यात जिथे जिथे हा समाज मोठ्या संख्येने होता, तिथे त्यांच्या दफनभूमी आहेत.

आता यातले बरेच वंशज आपलं मूळ गाव शोधतात. आजोबा कुठले, पणजी कुठे पुरली, आडनावातलं 'कर' कोणत्या गावातून आलं, हे त्यांना हवं असतं. अनेकदा याचं उत्तर एका दगडावर असतं आणि तो दगड दरवर्षी थोडा थोडा झिजत असतो. अलिबागच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, वारा खारा असतो, गवत आणि मुळं कबरीच्या चौथऱ्यात शिरतात. संगमरवरावरची अक्षरं पावसाने हळूहळू सपाट होतात. काळ्या दगडावरची जास्त टिकतात, पण ती मुळातच उथळ कोरलेली असतील तर तीही वाचेनाशी होतात. म्हणून नोंद करायची ती वेळेत. आणि ती कशी करायची याची एक पद्धत आहे.

आधी आख्यायिका काय सांगते?

परंपरा अशी: एक जहाज नवगावजवळच्या समुद्रात फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांचे मृतदेह किनाऱ्याला लागले आणि पुरुष व स्त्रियांना दोन वेगळ्या ठिकाणी पुरण्यात आलं. त्या जागी दोन उंचवटे होते असं सांगितलं जातं. आज तिथे समाजाने उभारलेला स्मारकस्तंभ आहे. वाचलेली कुटुंबं आसपासच्या गावांत पसरली, तेल गाळण्याचा धंदा करू लागली. शनिवारी ज्यू धर्मानुसार काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. शंभराहून अधिक गावांच्या नावांवरून त्यांची आडनावं पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर.

हे सगळं कुठे लिहून ठेवलंय? समाजातलेच हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९० च्या दशकात बेने इस्रायलांचा इतिहास लिहिला. तो छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीवमध्ये. जहाज इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात आलं असावं, असा त्यांचा अंदाज होता. त्याला कबरीतून, शिलालेखातून मिळालेला पुरावा नाही. २०१६ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यू लोकांचा आणि स्थानिक भारतीयांचा असे दोन्ही वारसे दिसले आणि हे मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी झालं असावं असा हिशेब मांडला गेला. हा आकडा दोन समाज एकमेकांत मिसळले त्या काळाचा आहे. जहाज कधी फुटलं, हे त्यावरून ठरत नाही.

मग उंचवटे खणून पाहायचे का? नाही. ज्यू धर्मात कबर ही मृताची कायमची जागा मानली जाते, ती उकरणं निषिद्ध आहे. त्यामुळे नवगावची नोंद करताना दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात: 'जागेवर काय दिसतं' आणि 'समाजात काय सांगितलं जातं'. पहिल्यात उंचवट्यांची जागा, लांबी-रुंदी, स्तंभावरचा मजकूर. दुसऱ्यात जहाज, सात पुरुष, सात स्त्रिया, आणि हे कोणी, कधी सांगितलं ते. हे दोन रकाने एकदा मिसळले की पुढचा वाचणारा परंपरेला पुरावा समजतो. इंटरनेटवर नवगावबद्दल जे फिरतं, त्यातलं बरंचसं असंच मिसळलेलं आहे.

नवगाव की नागाव?

आधी गावाचं नाव. अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे आणि दक्षिणेला नागाव. मराठीत गोंधळ होत नाही, पण इंग्रजी कागदपत्रांत दोन्हींची स्पेलिंगं इतकी जवळ येतात की एकाची कबर दुसऱ्या गावात जाऊन बसते. नकाशावर फक्त नाव टाकून भागत नाही. तालुका, गट क्रमांक आणि अक्षांश-रेखांश असं तिन्ही लिहावं लागतं. जिल्ह्याचंही तेच. १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, त्यामुळे जुनी कागदपत्रं 'कुलाबा' या नावाखाली शोधावी लागतात.

दुसरा असाच फसवा शब्द म्हणजे 'मशीद'. बेने इस्रायल मराठीत आपल्या प्रार्थनास्थळाला, म्हणजे सिनेगॉगला, मशीदच म्हणत आले आहेत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. जवळच्या मस्जिद स्टेशनला त्यावरूनच नाव पडलं असं सांगतात. त्यामुळे ज्यू कुटुंबाच्या जुन्या कागदात 'मशिदीच्या वहीत नोंद आहे' असं आलं, तर बहुधा सिनेगॉगची वही शोधायची असते.

याच दिवेकरांचं नाव सॅम्युएल इझिकियल दिवेकर असंही लिहिलेलं सापडतं. माणूस एकच. सॅम्युएलचं सामाजी, इझिकियलचं हसाजी. बायबलमधल्या नावाला मराठी वळण आणि पुढे 'जी' लावण्याची ही रीत होती. दगडावर एक नाव, वहीत दुसरं आणि लष्कराच्या कागदात तिसरं, असं सहज होतं. म्हणून नोंदीत नाव 'सुधारून' लिहू नये. जसं कोरलंय तसंच लिहावं, आणि दुसरं रूप शेजारच्या वेगळ्या रकान्यात.

दगड वाचायचा कसा?

सुरुवात परवानगीने होते. दफनभूमी ज्या सिनेगॉगच्या किंवा ट्रस्टच्या ताब्यात असेल त्यांना आधी विचारायचं. शनिवारी आणि ज्यू सणांना जायचं नाही. कबरीवर छोटे खडे ठेवलेले दिसतील. कोणीतरी भेट देऊन गेल्याची ती खूण असते. फोटो स्वच्छ यावा म्हणून ते उचलून टाकू नयेत.

ऋतूही महत्त्वाचा. पावसाळ्यानंतर लगेच गवत कमरेएवढं असतं, कबरी दिसत नाहीत, आणि सापांचा धोका असतो. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळतं, हवा कोरडी असते आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं पडतं.

हे तिरपं ऊनच तुमचं मुख्य साधन. समोरून प्रकाश पडला की झिजलेली अक्षरं गायब होतात, बाजूने पडला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि ती उठून दिसतात. दगडाचं तोंड चुकीच्या दिशेला असेल तर एकाने आरसा धरून ऊन बाजूने वळवायचं. रात्री टॉर्चनेही हे जमतं. त्यानंतर एकाच दगडाचे वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून बरेच फोटो काढायचे. डोळ्याला न दिसणारं अक्षर कधीकधी त्यातल्या एखाद्या फोटोत सापडतं.

आणि काय करू नये, तर अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये. तारेच्या ब्रशने, ॲसिडने किंवा साबणाच्या पावडरने घासू नये. दगडफूल खरवडू नये, ते निघताना दगडाचा पापुद्राही घेऊन येतं. माती साचली असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही दगड भक्कम असेल तरच. आपण एका दुपारी केलेली 'सफाई' वीस पावसाळ्यांपेक्षा जास्त नुकसान करू शकते.

मोबाइलचं जीपीएस इथे अपुरं पडतं. मोकळ्या जागेतही त्याची चूक तीन ते पाच मीटरपर्यंत जाते आणि दोन कबरींमध्ये अंतर असतं जेमतेम एखाद्या मीटरचं. म्हणून कुंपणाचे कोपरे, फाटक असे न हलणारे दोन बिंदू धरून मोजपट्टीने प्रत्येक कबरीचं अंतर घ्यायचं, कागदावर आराखडा काढायचा आणि प्रत्येक कबरीला क्रमांक द्यायचा. लेख नसलेल्या कबरीलाही. ज्यांच्यावर नाव नाही ते दगड यादीतून सर्रास गळतात, आणि गावाकडच्या जुन्या दफनभूमीत असे दगड थोडेथोडके नसतात.

तारखेचं गणित

बेने इस्रायलांच्या कबरींवर हिब्रू, मराठी आणि पुढच्या काळात इंग्रजी मजकूर असतो. एकाच दगडावर दोन किंवा तीन भाषा असल्या तर नोंद करणाऱ्याची चांदी, कारण एक ओळ झिजली तरी दुसरीवरून पडताळा घेता येतो.

हिब्रू वर्ष अंकांत न लिहिता अक्षरांत लिहिण्याची पद्धत आहे. प्रत्येक अक्षराला किंमत असते. समजा दगडावर ताव, रेश आणि सामेख ही अक्षरं आहेत. ताव म्हणजे ४००, रेश २००, सामेख ६०. बेरीज ६६०. वर्ष असतं ५६६०, पण पाच हजार सहसा लिहीत नाहीत. आता ६६० मध्ये १२४० मिळवले की १९०० येतं. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. म्हणून त्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतला, म्हणजे डिसेंबर संपेपर्यंतचा मृत्यू असेल तर इसवी सन १८९९ धरावं लागतं. महिना वाचता आला नाही तर '१८९९-१९००' असंच लिहावं, मनाने एक वर्ष निवडू नये.

दिवसातही एकाचा फरक पडू शकतो. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री आठ वाजता माणूस गेला तर हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची आणि इंग्रजी त्याच दिवसाची. ही दगडकाम करणाऱ्याची चूक नाही, उलट मृत्यू सूर्यास्तानंतर झाला असावा याचा तो दुवा आहे.

दगडाच्या सुरुवातीला पे आणि नून अशी दोन हिब्रू अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ 'इथे पुरलं आहे'. शेवटी पाच अक्षरांचं एक संक्षिप्त रूप असतं, ती मृताच्या आत्म्यासाठीची प्रार्थना. हिब्रू न येणाऱ्यालाही हे दोन ठसे ओळखता आले की मधला मजकूर म्हणजे नाव आणि तारीख, एवढं कळतं. हिब्रूत माणसाची ओळख वडिलांच्या नावाने देतात. मराठी ओळीत विवाहित स्त्रीची ओळख बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावाने. म्हणजे एकाच दगडावर बाईचं माहेर आणि सासर दोन्ही सापडू शकतं. हिब्रू येत नाही म्हणून ती ओळ सोडली तर माहेरचा धागा तुटतो. वाचता येत नसेल तर निदान फोटो नीट घ्या, वाचणारा नंतर मिळेल.

मजकूर उतरवताना ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ, शंका असलेलं अक्षर चौकटी कंसात, आणि जे अजिबात दिसत नाही तिथे टिंब. कोरणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं असेल तर तेही तसंच. 'सुभेदार', 'जमादार' असे हुद्दे दिसले तर ते विशेष जपून उतरवा. कंपनी सरकारच्या फौजेत बेने इस्रायल बऱ्याच संख्येने होते आणि पलटणीच्या कागदांशी जोड लावायला हुद्दाच कामी येतो.

नुसती यादी पुरते का?

माझ्या मते इथेच बहुतेक उत्साही लोक थांबतात आणि तिथे थांबणं महागात पडतं. कबरींची सुंदर यादी झाली तरी त्याने जमीन वाचत नाही. अलिबाग परिसरात जमिनीला काय भाव आहे हे वेगळं सांगायला नको. दफनभूमी सातबाऱ्यावर काय म्हणून नोंदली आहे, कोणाच्या नावावर आहे, गट क्रमांकाची हद्द प्रत्यक्ष कुंपणाशी जुळते का, हे तलाठी कार्यालयात आणि भूमी अभिलेख कार्यालयात पाहावं लागतं. हद्द जुळत नसेल तर ज्यांच्या ताब्यात जागा आहे त्यांनी सरकारी मोजणीसाठी अर्ज करायचा. जुने महसुली कागद मोडीत असतील, तेव्हा मोडी वाचणारा गाठावा लागेल.

त्याचबरोबर सिनेगॉगच्या वह्या, ग्रामपंचायतीची मृत्युनोंद आणि १८८३ चं कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर ताडून पाहायचं. आणि माणसं. शेजारच्या वाडीतले म्हातारे, ज्यांनी कधीकाळी कबर खणायला मदत केली, ज्यांना कोणती कबर कोणाची हे तोंडी माहीत आहे. शक्यतो आधी त्यांच्याकडे जावं. दगड पुढच्या हिवाळ्यातही बहुधा असेल. ऐंशी-नव्वदीतल्या माणसाचं तसं नसतं.

झालेली नोंद कुठे ठेवायची हा शेवटचा प्रश्न. भारतातल्या युरोपीय कबरींसाठी हे काम ब्रिटनमधली 'बॅक्सा' ही संस्था १९७० च्या दशकापासून करते आहे आणि तिचे कागद ब्रिटिश लायब्ररीत जातात. ज्यू कबरींसाठी 'ज्यूइशजेन' या संकेतस्थळावर जगभरच्या दफनांची सूची आहे. तिथे नोंद गेली की इस्रायलमधल्या नातवाला ती सापडते. पण एक प्रत सिनेगॉगकडे, एक गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात, छापील, मराठीत, हेही हवं. अलीकडच्या मृतांचे तपशील आणि कबरीचं अचूक ठिकाण मात्र कुटुंबाला विचारल्याशिवाय ऑनलाइन टाकू नये. फोटोंच्या फाइलला 'कबर १', 'कबर २' अशी नावं देऊन भागत नाही. गाव, कबर क्रमांक आणि तारीख फाइलच्या नावातच हवी, कारण फोटो पुढे फिरतात तेव्हा सोबतची वही मागेच राहते.