केंटकीच्या रायफलीवरचा मणी

एखाद्यावर बारकाईने नेम धरणे या अर्थी इंग्रजीत ‘ड्रॉ अ बीड’ म्हणतात. यातला ‘बीड’ म्हणजे मणी, बंदुकीच्या नळीच्या टोकावरचा; आपल्याकडे त्याला माशी म्हणतात. हा वाक्प्रचार अमेरिकेतला, आणि माझ्या मते तो रायफल वापरणाऱ्या रानातल्या शिकाऱ्यांतच जन्मू शकत होता. ब्रिटिश सैन्याच्या ‘ब्राउन बेस’ मस्केटची नळी आतून गुळगुळीत असे आणि माशी जुळवायला मागे खाचच नसे. कर्नल जॉर्ज हँगरने १८१४ मध्ये लिहिले की दोनशे यार्डांवरच्या माणसावर साधी मस्केट झाडणे म्हणजे चंद्रावर गोळी झाडण्यासारखे. म्हणून तिथे रांगेने एकदम बार काढत. एकट्याच्या नेमाला फारसे मोल नव्हते. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडवलेल्या आणि केंटकीत वापरल्या जाणाऱ्या लांब रायफलीत मात्र पिळाचे आटे असत. तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी ठासायला वेळ लागे. दुसऱ्या बाराची शाश्वती नाही, वस्तीपासून दूर दारू आणि शिसे जपून वापरायचे. साहजिकच पहिल्याच गोळीचा नेम जिवाचा ठरे.

पक्षिचित्रकार ऑड्युबनची १८३१ मधली नोंद याला आधार देते. केंटकीत भेटलेला प्रसिद्ध शिकारी डॅनियल बून खारीवर नेम धरत असल्याचे वर्णन करताना, केंटकीची माणसे माशीला ‘बीड’ म्हणतात, असे तो जाता जाता सांगतो. यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे: बून १७९९ मध्येच केंटकी सोडून मिसुरीला गेला होता, तर ऑड्युबन केंटकीत आला १८०७ मध्ये, त्यामुळे ही भेट खरी का याबद्दल अभ्यासकांना शंका वाटते. पण बूनचे नाव गोष्ट रंगवायला उपयोगी होते. माशीचे स्थानिक नाव खोटे सांगून ऑड्युबनला काय मिळणार होते? दुसरा आक्षेप असा की त्या रायफलींवर गोल मणी नसून पितळेची किंवा चांदीची बुटकी पाती असे. खरे आहे, पण नेम धरणाऱ्याला ती बाजूने दिसत नाही. मागून तिचा चकाकता ठिपकाच दिसतो, आणि नाव पडले ते त्या ठिपक्याचे.

छऱ्याच्या बंदुकीवर तर खराच गोल मणी असतो, मग वाक्प्रचार तिथूनच का आला नसेल? कारण उडत्या पाखरावर बार काढणारा मण्याकडे नव्हे, पाखराकडे पाहतो. रायफलवाला मणी मागच्या खाचेत ओढून आणतो. त्याच्या बोलीत ‘फाइन बीड’ म्हणजे खाचेत मण्याचा जेमतेम माथा दिसणे आणि ‘कोर्स बीड’ म्हणजे मणी जास्त वर दिसणे, ज्याने गोळी उंच जाते. मागे खाच नसेल, तर या दोन्ही शब्दांना अर्थच उरत नाही.