गेम कन्सोलचं हॅकिंग, होमब्रू, एम्युलेशन आणि पायरसी: नेमका फरक काय? कायदा काय सांगतो?

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं उमापूर घ्या किंवा मराठवाड्यातलं कुठलंही बाजाराचं गाव घ्या. तिथल्या एखाद्या पोराच्या मोबाईलमध्ये 'गॉड ऑफ वॉर' चालू असतो. हा गेम सोनीच्या पीएसपी या हातात धरायच्या यंत्रासाठी बनलेला आहे. त्या पोराने पीएसपी कधी पाहिलेलाही नसतो. गेम आला कुठून, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "मित्राकडून घेतला." आणि मित्राकडे? "नेटवरून काढला."

या छोट्याशा प्रसंगात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाईलला पीएसपीसारखं वागायला लावणारं ॲप ही एक, आणि मित्राकडून आलेली गेमची फाईल ही दुसरी. पहिली गोष्ट बहुतेक ठिकाणी कायदेशीर आहे, दुसरी नाही. गेम पायरसीवर जगभर जी भांडणं होतात, त्यातली निम्मी हा फरक न केल्यामुळे होतात.

आधी शब्द समजून घेऊ

कन्सोल म्हणजे फक्त गेम खेळण्यासाठी बनवलेला संगणक. कंपनी त्याला कुलूप लावून विकते, म्हणजे तिची मान्यता असलेलेच गेम त्यावर चालतात. हे कुलूप उघडणं म्हणजे हॅकिंग. मोबाईलच्या बाबतीत याच प्रकाराला जेलब्रेक म्हणतात. कुलूप उघडल्यावर स्वतः लिहिलेले प्रोग्राम त्या यंत्रावर चालवणं म्हणजे होमब्रू. मूळ इंग्रजी शब्द घरी गाळलेल्या बिअरवरून आला आहे. मराठीत त्याला 'हातभट्टी' म्हणावं लागेल, पण आपल्याकडे त्या शब्दाला जो वास आहे तो होमब्रूला नाही. एम्युलेशन म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल चालवणं. आणि हक्कधारकाच्या परवानगीशिवाय गेमची प्रत काढून वाटणं किंवा विकणं म्हणजे पायरसी.

आपली सुरुवातच नकलेपासून

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात ज्यांच्या घरी 'टीव्ही गेम' होता, त्यातल्या बहुतेकांकडे निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल होती. नावं वेगवेगळी, डबे वेगवेगळे, आतली चिप मात्र त्याच धाटणीची. सोबत पिवळी किंवा काळी कॅसेट यायची आणि तिच्यावर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं. प्रत्यक्षात कॉन्ट्रा, मारिओ, डक हंट, रोड फायटर असे मोजके गेम असायचे आणि पुढे तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे.

हे शक्य झालं कारण जपानी फॅमिकॉममध्ये खऱ्या-खोट्या कॅसेटची तपासणी करणारी चिपच नव्हती. अमेरिकेत हेच यंत्र विकताना निन्टेंडोने ती बसवली. आपल्या पिढीला आपण पायरसी करतोय हे माहीतसुद्धा नव्हतं. दुकानात बिल देऊन घेतलेली वस्तू चोरीची असेल असं कोणाच्या मनात येणार?

नंतर प्लेस्टेशन आलं आणि कुलूप सीडीवर गेलं. अस्सल सीडीच्या कडेला खोबणीची एक विशिष्ट लहर असे. साध्या सीडी रायटरने ती उतरवता येत नसे आणि ती नसली की यंत्र सीडी नाकारत असे. मग मॉडचिप आली. ही छोटी चिप आत डाख देऊन बसवायची आणि ती यंत्राला सांगायची की सीडी खरीच आहे. पाठोपाठ कॉपी केलेल्या डिस्कचा बाजार उभा राहिला. अमेरिकी सरकार दरवर्षी 'कुप्रसिद्ध बाजारां'ची यादी काढतं. २०२१ च्या यादीत मुंबईचं हिरा पन्ना आणि दिल्लीचा पालिका बाजार ही नावं होती. ती यादी सर्व प्रकारच्या नकली मालासाठी आहे, फक्त गेमसाठी नव्हे.

दहावीच्या बीजगणिताने उघडलेलं कुलूप

हॅकिंगच्या वादाची सगळ्यात बोलकी कथा प्लेस्टेशन ३ ची आहे. या यंत्रावर सुरुवातीला सोनीच्याच परवानगीने लिनक्स टाकता येत होतं. त्यामुळे संशोधकांनी ते स्वस्त संगणक म्हणून वापरलं. अमेरिकेच्या हवाई दलाने तर सुमारे १,७६० प्लेस्टेशन जोडून एक महासंगणक उभा केला. १ एप्रिल २०१० ला सोनीने सुरक्षेचं कारण देत अपडेटमधून ही सोय काढून टाकली. विकलेल्या वस्तूतली सोय विकल्यानंतर काढून घेता येते का, हा प्रश्न तिथून पेटला. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला आणि तो पुढे भरपाईच्या तडजोडीवर मिटला.

डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' नावाच्या गटाने सोनीची चूक जाहीर केली. प्रत्येक अधिकृत प्रोग्रामवर कंपनीची डिजिटल सही असते. सही करताना दर वेळी एक नवा यादृच्छिक आकडा घ्यावा लागतो. सोनी दर वेळी तोच आकडा वापरत होती. त्यामुळे दोन सह्या समोर ठेवल्या की दोन समीकरणं आणि दोन अज्ञात संख्या मिळतात. दहावीला 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' सोडवलेल्यांना पुढचं सांगायला नको. कंपनीची गुप्त किल्ली गणिताने बाहेर आली. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने मूळ किल्ली प्रसिद्ध केली. सोनीने त्याच्यावर दावा ठोकला आणि काही महिन्यांत तडजोड झाली.

या हॅकर्सपैकी अनेकांना चोरीचे गेम नको होते, त्यांना आपलं लिनक्स परत हवं होतं. पण किल्ली ही किल्ली असते, ती कोणाच्या हातात गेली हे तिला कळत नाही. होमब्रूसाठी उघडलेल्या दारातून पायरसीही आत आली. 'आम्ही फक्त दार उघडलं' हा हॅकर्सचा युक्तिवाद खरा आहे, पण पुरेसा नाही. आणि 'सगळे हॅकर चोर' हे कंपन्यांचं म्हणणं तर खरंही नाही.

एम्युलेटर बेकायदेशीर आहे का?

थोडक्यात उत्तर: स्वतंत्रपणे लिहिलेला असेल तर नाही. कनेक्टिक्स या कंपनीने मॅक संगणकावर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा एम्युलेटर बनवला होता. सोनीने तिला कोर्टात खेचलं. २००० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, यंत्र कसं चालतं हे समजून घेण्यासाठी केलेला अभ्यास रास्त वापरात बसतो. सोनी हरली. नंतर तिने तो एम्युलेटरच विकत घेतला आणि बंद करून टाकला! पुढे २०१८ मध्ये सोनीने जुन्या गेमचं छोटं 'प्लेस्टेशन क्लासिक' यंत्र आणलं, तेव्हा त्यात मुक्तस्रोत समाजाने बनवलेलाच एम्युलेटर वापरला.

मग २०२४ मध्ये 'युझू' हा निन्टेंडो स्विचचा एम्युलेटर का बंद पडला? कारण वाद नकलेचा नव्हता, कुलपाचा होता. स्विचचे गेम कूटबद्ध असतात आणि ते उलगडायला यंत्रातल्या किल्ल्या लागतात. निन्टेंडोचं म्हणणं होतं की, युझू हे कुलूप तोडायलाच मदत करतो आणि त्यातून पैसेही कमावतो. 'टिअर्स ऑफ द किंगडम' हा गेम मे २०२३ मध्ये बाजारात येण्याआधीच दहा लाखांहून जास्त वेळा बेकायदा उतरवला गेला, असा कंपनीचा दावा होता. फेब्रुवारीअखेर दावा दाखल झाला आणि आठवडाभरात २४ लाख डॉलरची तडजोड झाली. न्यायालयाने कुठलाही तात्त्विक निर्णय दिलाच नाही. छोट्या गटाला खटला लढवणंच परवडत नाही, आणि या क्षेत्रातले बरेच 'निकाल' असेच लागतात.

भारतीय कायद्यात काय आहे?

आपल्याकडे संगणक प्रोग्रामला कॉपीराइट कायदा, १९५७ खाली साहित्यकृतीचं संरक्षण आहे. म्हणजे कादंबरीला आणि कॉन्ट्राला साधारण एकच न्याय. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पायरेटेड प्रोग्राम आहे हे माहीत असून तो संगणकावर वापरणाऱ्यासाठी कलम ६३ब वेगळं आहे. त्यात किमान सात दिवसांची कैद आहे. मात्र वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय पुरेशी कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं.

कलम ५२ मधल्या सवलती फार कमी लोकांना माहीत असतात. कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत काढता येते. दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, मिळवता येते. प्रोग्राम कसा चालतो याचा अभ्यास करता येतो. वैध प्रतीवरून खासगी, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत काढता येते. एम्युलेटर बनवणाऱ्यांचा आधार इथेच आहे. सगळीकडे अट एकच: हातातली मूळ प्रत वैध हवी. मित्राच्या मेमरी कार्डवरून आलेली फाईल त्यात बसत नाही. 'गेम जुना आहे, आता कोणी विकत नाही' या कारणानेही बसत नाही.

कुलूप तोडण्याचं कलम ६५अ हे २०१२ च्या दुरुस्तीने आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण ते अमेरिकी कायद्यापेक्षा मवाळ आहे. तिकडे काही ठराविक अपवाद सोडले तर कुलूप तोडणं हाच गुन्हा. आपल्याकडे ते हक्कांचं उल्लंघन करण्याच्या इराद्याने तोडलेलं असावं लागतं. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं, तर गुन्हा नाही. फक्त दुसऱ्याला ते तोडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि इतर तपशील लिहून ठेवायचे. म्हणजे कागदावर तरी, मॉडचिप बसवणाऱ्या कारागिराने उधारीच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवायला हवी. अशी वही ठेवणारा कारागीर अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

महाराष्ट्रात आणखी एक कायदा आहे, ज्याचं नाव बीडच्या वाचकांनी पेपरात शंभरदा वाचलं असेल: एमपीडीए. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले, वाळू तस्कर यांना स्थानबद्ध करणारा १९८१ चा कायदा. त्यात 'व्हिडिओ पायरेट्स' देखील आहेत. गोदाकाठच्या गेवराईत वाळू तस्कर कोण हे सांगावं लागत नाही, पण त्यांच्या शेजारी सीडीवाला बसलेला पाहून गंमत वाटते. 

'परवडत नाही' हे कारण किती खरं?

प्लेस्टेशन ५ चा नवा मोठा गेम बऱ्याचदा ४,९९९ रुपयांना येतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२४-२५ ची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एका गेमसाठी जवळपास सतरा दिवस राबायचं. ज्या घरातले लोक दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. अशा घरातल्या मुलाने फुकट गेम खेळला, तर कंपनीचं एक गिऱ्हाईक गेलं असं म्हणणं हिशेबालाही धरून नाही. मोठ्या कंपन्या जाहीर करतात ते पायरसीच्या नुकसानीचे आकडे म्हणूनच जपून वाचावेत.

पण हिशेबाला दुसरी बाजू आहे आणि ती पुण्यात आहे. 'नॉडिंग हेड्स' या पुण्याच्या छोट्या गटाने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम सोडलं नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम सर्वात आधी निन्टेंडो स्विचवर आला. असा गेम फुकट उतरवणाऱ्याला 'कंपनीकडे कमी पैसे आहेत का?' असं म्हणता येत नाही. इथे खरंच कमी आहेत. मोठी कंपनी पायरसी सोसून उभी राहते. दहा-बारा जणांचा गट दुसरा गेम बनवूच शकत नाही. 'परवडत नाही' हे कारण उमापुरातल्या पोराने दिलं तर समजून घेता येतं, हिंजवडीत पगार घेणाऱ्याने दिलं तर नाही.

आणि जुने गेम?

पायरसी रोखायला सोनीने भारतात एक वेगळा मार्गही वापरला: इथलेच गेम. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' आला. कबड्डी आणि विटीदांडू असलेला 'देसी अड्डा' आला. मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्ली क्रिकेटवर 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' काढला. खेळ म्हणून ते फार भारी होते असं नाही. पण विटीदांडू पहिल्यांदा कन्सोलवर आला तो तिथे.

२०१३ च्या सुरुवातीला प्लेस्टेशन २ चं उत्पादन थांबलं. डिस्क ओरखडतात, यंत्रांच्या लेन्स थकतात. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिलं की, अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. त्यावर ग्रंथालयांना हे गेम संशोधकांसाठी दुरून उपलब्ध करू द्यावेत, अशी मागणी झाली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती फेटाळली.

घरात या गेमची डिस्क पडून असेल तर तिची प्रत आताच काढून ठेवा. मूळ डिस्क तुमची असेल तर कलम ५२ तुमच्या बाजूने आहे. मूळ डिस्कही जपून ठेवा, कारण प्रत वैध आहे हे दाखवायला तीच लागेल. प्रत संगणकावर चालवायला एम्युलेटरबरोबर यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, लागतं. त्यावरही सोनीचा हक्क आहे, तेव्हा ते नेटवरून न उतरवता स्वतःच्या प्लेस्टेशनमधून काढून घ्या. पीएसपीच्या एम्युलेटरला ते लागत नाही, आणि मोबाईलवर तो इतका पसरण्यामागे हेही एक कारण आहे.