शेवटचा दगड

बर्फावर सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड सरकवायचा आणि आखलेल्या वर्तुळांच्या मध्याशी थांबवायचा, हा कर्लिंगचा खेळ. शेवटचे दगड बहुधा कर्णधारच टाकतो. आम्ही कवी गझलेची शेवटची ओळ दहादा खोडतो. सुटलेला दगड मात्र परत घेता येत नाही.

स्वीडनची कर्णधार आनेट नोर्बेर्ग पेशाने विम्याचं गणित मांडणारी. २००६च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये अंतिम सामना स्वित्झर्लंडशी. बरोबरी झाली, जादा डाव आला. अखेरच्या दगडाने तिने समोरच्यांचे दोन दगड एकदम उडवले आणि ७-६ असं सुवर्ण जिंकलं.

२०१०ला व्हँकुव्हरमध्ये यजमान कॅनडाशी पुन्हा जादा डाव. आता अखेरचा दगड शेरिल बर्नार्डच्या हाती होता. तिलाही दोन दगड उडवायचे होते. ते साधलं नाही. पुन्हा ७-६. ऑलिंपिक सुवर्ण राखणारी नोर्बेर्ग ही कर्लिंगमधली पहिली कर्णधार.

मला थोर वाटतं ते यानंतरचं. जुन्या मैत्रिणी पांगल्यावर, चाळिशी उलटलेल्या नोर्बेर्गने तरुण मुलींचा नवा संघ उभारला आणि २०११मध्ये डेन्मार्कमध्ये जगज्जेतेपद मिळवलं.